कच्चा आवाज

माझी बायको पस्तीस वर्षं एका इस्पितळात नोकरीला होती. त्यातली पहिली एकोणीस वर्षं ती टेलिफोनच्या बोर्डवर बसली. त्याच काळात मी एका स्टुडिओत गाणी रेकॉर्ड करायचो. म्हणजे दोघांच्याही कानांवर दिवसभर हेडफोन, आणि घरी आल्यावर कोणी कोणाचं ऐकायचं नाही. हा विनोद तिचा आहे. माझे विनोद मागाहून समजावून सांगावे लागतात, असं तिचं मत आहे आणि ते खरं आहे.

तिची खोली तळमजल्यावर, स्ट्रेचरच्या लिफ्टला लागून. एक खुर्ची, एक बोर्ड, बोर्डवर चाळीस लाइनींची भोकं आणि वायरी, समोर नुसती भिंत. इस्पितळात फोन करणारा माणूस घाबरलेलाच असतो. कोणी ओरडतं, कोणाला ज्याच्यासाठी फोन केला त्याचं नावच आठवत नाही. ही सगळ्यांशी एकाच खालच्या, सावकाश आवाजात बोलायची, "थांबा हं, बघते." 'माहीत नाही' हे शब्द तिनं बोर्डवर कधी वापरले नाहीत. एका माणसाची आई तिथे दोन महिने होती आणि तो रोज फोन करायचा. आईला घरी न्यायच्या दिवशी तो मुद्दाम हिची खोली शोधत आला. दारात उभा राहून त्यानं हिला पाहिलं. बुटकी, अंगानं भरलेली, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. "तुम्हीच का त्या?" तो म्हणाला. त्याचा पडलेला चेहरा ही पुढे कित्येक वर्षं आम्हाला करून दाखवायची आणि आमची मुलगी हसून हसून लोळायची.

हे आधी सांगतोय, कारण हिच्याबद्दल लोकांना जी एकच गोष्ट माहीत आहे ती हिच्या भावानं पसरवलेली आहे. ती गोष्ट खोटी आहे. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. खोटं मी सांगितलं होतं, त्यानं ते फक्त जगाला सांगितलं.

हिचा भाऊ म्हणजे माझा मेहुणा, हिच्याहून आठ वर्षांनी धाकटा. तो रॉक गायचा, अजून गातो. मी त्याला भोंगा म्हणायचो, पाठीमागेही आणि तोंडावरही. गिटार गळ्यात अडकवून तो मैदानात उभा राहिला की चार गल्ल्या पलीकडच्या खिडक्या लागायच्या. केस खांद्यापर्यंत, पायात वर्षानुवर्षं तेच बूट, आणि आमच्या घरी आला की जेवताना सुद्धा बोटांनी टेबल बडवत बसायचा. हिनं डोळे वटारले की थांबायचा. जगात तो एवढ्या एका व्यक्तीला घाबरत असे. मला तो "भाऊजी, भाऊजी" करायचा, पण ते केवळ मी त्याचा आवाज मशीनमध्ये नीट बसवायचो म्हणून.

या दोघांच्या वडिलांचं रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त केलेलं यंत्र वाजवून बघायला त्यांनी काही जुन्या रेकॉर्ड ठेवल्या होत्या, गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या. त्यातल्या तीन सोल नावाच्या अमेरिकन गाण्यांच्या होत्या. सोल म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी मशीनवाल्याच्या भाषेत सांगेन. गाणारा तालाच्या किंचित मागे राहतो. त्याला घाई नसते. आणि तो जिथे मागे राहतो तिथेच ऐकणारा हातातलं काम थांबवतो. शाळा सुटली की ही दुकानात बसायची, वडील यंत्र उघडून बसलेले, आणि त्या तीन रेकॉर्ड दिवसात वीस वेळा लागायच्या. ही त्यांच्याबरोबर गायची. एक रेकॉर्ड मधेच चरा पडून उडी मारायची, तर ही उडीसकट गायची. काउंटरवर बसलेला धाकटा ते ऐकत मोठा झाला. ती उडी गाण्यातलीच आहे असं त्याला मिसरूड फुटेपर्यंत वाटत होतं.

तीन दणदणीत अल्बम काढून झाल्यावर हा एक दिवस आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"भाऊजी, माझा घसा आणि माझी अक्कल, दोन्ही संपत आलंय," तो म्हणाला.

"घशाचं मला ठाऊक होतं," मी म्हणालो.

त्याला सोलच्या वळणाचा अल्बम करायचा होता. ऑर्गन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, मागे टाळ्या, साथीला बायकांचे आवाज. गिटार असेल, पण खाली मान घालून. आणि एक गाणं वडिलांच्या दुकानावर. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते गाणं त्यानं तिथेच टेबलावर बोटं वाजवत म्हणून दाखवलं. शब्द चांगले होते. पण तो प्रत्येक शब्द ठोक्यावर आणून आपटत होता. ही ओट्याशी उभी राहून ऐकत होती.

"छोट्या, दुकानात शटर पाडतोयस का?" ही म्हणाली. "मागे राहा ना जरा."

"मागे म्हणजे किती, ताई?"

"किती काय? भाजीवाल्याकडे आहेस का? राहा म्हटलं की राहायचं."

त्याला ते महिनाभर जमलं नाही. रेकॉर्डिंगची तारीख ठरली, वाजवणारे ठरले. आमचा स्टुडिओ पूर्वी फर्निचरचं गोदाम होता. भिंतींना जाड कापड, दुहेरी दार, मधल्या काचेच्या अलीकडे मी आणि मशीन, पलीकडे वादक. पंखा रेकॉर्डिंगपुरता बंद ठेवायचा, त्यामुळे सगळे घामाघूम. वरच्या मजल्यावर कोणी नळ उघडला की भिंतीतला पाइप गुणगुणायचा, म्हणून मी वर जाऊन हातापाया पडून यायचो. आवाज नकोत म्हणून मी आयुष्यभर लोकांशी भांडलो. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

पहिल्या दिवशी वादक जमले आणि मेहुणा आला तो गळ्याला पट्टी गुंडाळून. दोन दिवसांपूर्वी एका उघड्या मैदानात ओरडून त्यानं घसा बसवून घेतला होता. डॉक्टरांनी आठवडाभर तोंड उघडायची बंदी केली होती. तो वहीवर लिहून बोलत होता. मी मनातल्या मनात डॉक्टरांना हात जोडले.

पण काम अडलं. आमच्याकडे पद्धत अशी, की आधी ड्रम, बास, ऑर्गन वगैरे रेकॉर्ड करायचे आणि त्या वेळी गायकानं नुसता कच्चा आवाज द्यायचा, म्हणजे वाजवणाऱ्यांना गाणं कुठे चाललंय ते कळतं. मागाहून गायक नीट गातो आणि कच्चा आवाज पुसून टाकतात. आमची टेप आठ ट्रॅकची होती, म्हणजे एकाच रुंद टेपवर आठ वेगवेगळे पट्टे. प्रत्येक पट्ट्यावर काय आहे ते मी एका कागदावर पेन्सिलीनं लिहायचो. पेन्सिलीनं, कारण ते बदलत राहतं.

मेहुण्यानं वहीवर लिहिलं, 'ताई'.

हिची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. मी घरी फोन केला. ही आली ती भाजीची पिशवी घेऊन. "साडेतीनला शाळा सुटते," दारातच म्हणाली, "त्याच्या आत काय ते करा." पिशवी माझ्या खुर्चीशेजारी ठेवून ती पलीकडे गेली आणि हेडफोन चढवले. ते मात्र सराईतपणे चढवले. ड्रमवाल्यानं काठ्या आपटून चार मोजले.

आणि ही गायला लागली.

मला ते नीट सांगता येत नाही. ती इस्पितळाच्या बोर्डवर जशी बोलायची त्याच आवाजात सुरू झाली, खालच्या, सावकाश. जणू फोनवर कोणीतरी घाबरलेलं आहे आणि त्याला सांगायचंय की दुकान आता बंद झालंय, आत कोणी नाही. दुसऱ्या कडव्यात आवाज उघडला. उघडला म्हणजे मोठा झाला असं नाही, मी मशीनच्या काट्यावर बघत होतो, काटा फारसा हलला नाही. पण ऑर्गनवाल्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. शेवटची ओळ तिनं इतकी मागे ठेवली की मला वाटलं चुकली. चुकली नव्हती. ड्रमवाला ऐकत राहिला आणि शेवटचा ठोका द्यायचा विसरला. त्या टेपवर गाणं ठोक्याशिवायच संपत होतं.

आमचे निर्माते, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं अल्बमवर नेमलेले गृहस्थ, पोटाच्या दुखण्यानं कायम वाकडं तोंड करून बसलेले असायचे. त्यांनी कशालाही चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "हे ठेवायचं." मेहुण्यानं वहीचं अख्खं पान भरून लिहिलं, 'हे गाणं ताईचं'. मग पान उलटून, 'दौऱ्यावर पण ताई. तीन महिने'. ही ते वाचून हसली, पिशवी उचलली आणि शाळा सुटेल म्हणून निघून गेली.

मी काचेमागे बसून होतो. बारा वर्षं मी या बाईबरोबर एका छताखाली राहत होतो. मी कानांवर पोट भरणारा माणूस. कुठल्या गायिकेचा श्वास कुठे तुटतो ते मला झोपेतून उठवून विचारा. आणि माझ्या घरात काय आहे ते मला एका भर दुपारी सात परक्या माणसांबरोबर कळलं. आधी क्षणभर अभिमान वाटला. खरंच वाटला. मग अपमान वाटायला लागला, आणि तो मुक्कामालाच आला.

ही तीन दिवस त्याबद्दल काही बोलली नाही. चौथ्या दिवशी ताटं पुसता पुसता म्हणाली, "ठेवतील का हो खरंच?"

"निर्माते म्हणालेत ना."

"कव्हरवर नाव येईल?"

"येईल की."

"पूर्ण नाव यायला हवं. 'ताई' नको. ताई मी त्याची आहे, सगळ्यांची नाही." मग जरा थांबून, "तुम्हाला कसं वाटलं पण? तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"चांगलं झालंय," मी म्हणालो. मी हे दिवसातून दहा वेळा म्हणायचो, कोणालाही.

त्या आठवड्यात तिनं इस्पितळात तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज आणून ठेवला. भरला नव्हता, टेबलावर ठेवला होता. मुलीला कोण बघेल याची तजवीज तिनं मनातल्या मनात केली होती, शेजारच्या मावशींना विचारूनही आली होती. तिनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. ते एक गाणं तिच्या आवाजात राहावं आणि खाली तिचं नाव असावं, एवढंच तिला हवं होतं. मी तो अर्ज रोज येता-जाता बघायचो. मला वाटायचं, ही तीन महिने जाईल आणि मग बोर्डवरही परत येणार नाही आणि माझ्याकडेही नाही. रोज एवढी माणसं तिच्याकडे त्या ऑर्गनवाल्यासारखी बघतील, आणि मग तिला प्रश्न पडेल की बारा वर्षं आपण कोणाजवळ बसलो होतो. हे मी कोणाला बोललो नाही. स्वतःशीही तेव्हा एवढं स्पष्ट बोललो नव्हतो. घराचं कसं होईल, मुलीचं कसं होईल, असंच स्वतःला सांगत होतो.

दहा दिवसांनी पितळी वाद्यांची पाळी होती. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, तिघे येऊन ओठ ओले करून बसले. मेहुणा कुठेतरी मुलाखत द्यायला गेलेला. निर्माते कंपनीच्या ऑफिसात. आणि टेपचे आठही ट्रॅक भरलेले. दोनांवर ड्रम, मग बास, ऑर्गन, गिटार, साथीचे आवाज, सातव्यावर खंजिरी, आठव्यावर ही. तिघांसाठी एक ट्रॅक मोकळा करायला हवा होता. मी निर्मात्यांना फोन केला.

"खंजिरी पूस की," ते म्हणाले. "ती पुन्हा कधीही वाजवता येईल. तुझं तू बघ, मला सारखं विचारू नकोस." आणि फोन ठेवला.

कागद माझ्या समोर होता. आठव्या ट्रॅकपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कच्चा आवाज'. हे ठेवायचं ठरलं त्या दिवशीच मी ते खोडून तिचं नाव लिहायला हवं होतं. कुठल्याही दुसऱ्या गायिकेचं लिहिलं असतं, शिवाय टेपची एक जादा प्रत करून कपाटात ठेवली असती. मी दर वेळी तसंच करायचो. या वेळी केलं नव्हतं. घरच्या माणसाचं काय एवढं, असं म्हणून राहून गेलं होतं. निदान तेव्हा मी असंच म्हटलं असतं.

मी आठव्या ट्रॅकचं बटण दाबून ठेवलं आणि टेप चालू केली.

टेप पुढे जाते तसं नवीन उमटतं आणि जुनं जातं. जे पुसलं जातंय ते कोणाला ऐकू येत नाही. पहिलं कडवं संपलं तेव्हा ट्रम्पेटवाल्यानं हात वर केला. मी टेप थांबवली.

"साहेब, त्या बाईंचा आवाज येत नाहीये कानात," तो म्हणाला. "मघाशी गाणं ऐकवलंत तेव्हा होता तो."

फक्त एक कडवं गेलं होतं. तीन कडवी शाबूत होती. अजूनही सातवा ट्रॅक समोर होता, बोटभर अंतरावर. पहिलं कडवं तिच्याकडून पुन्हा गाऊन घेता आलं असतं, जोडता आलं असतं. मी तेच काम करायचो, जोडायचं.

"त्याची गरज नाही," मी म्हणालो. "पुढे चला."

चार मिनिटं दहा सेकंदांचं गाणं. तिघांनी फार सुंदर वाजवलं, अगदी पहिल्या झटक्यात. मी त्यांना म्हणालो, "चांगलं झालंय."

संध्याकाळी मेहुणा आला, गाणं ऐकायला बसला, आणि ताईचा आवाज कुठे आहे म्हणाला. मी कागद पुढे केला. "कच्चा आवाज लिहिलेलं होतं, खोडायचं राहिलं. चुकून पुसलं गेलं." त्याचा घसा तोवर बरा झाला होता, त्याचा त्यानं पुरेपूर उपयोग केला. खुर्ची आपटली, मला नाही नाही ते बोलला. भाऊजी हा शब्द मात्र प्रत्येक शिवीच्या आधी होता. मग डोकं धरून बसला. निर्मात्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना खंजिरी आठवत असणार, पण पोट दाबून ते गप्प बसले. बाकीच्यांनी उलट माझीच समजूत काढली. आमच्या धंद्यात प्रत्येकानं काहीतरी पुसलेलं असतं. जुन्या लोकांनी आपापल्या पुसापुशीच्या कथा सांगितल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घालून तो हात ठेवू दिला.

घरी मी हिला तेच सांगितलं. ही मुलीच्या वह्यांना कव्हर घालत होती.

"सगळंच?" ती म्हणाली.

"सगळं."

तिनं हातातली वही पूर्ण केली, घड्या नीट दाबल्या. मग म्हणाली, "असू दे. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

मेहुण्यानं हार मानली नाही. पुढच्या सुट्टीला तिला पुन्हा बोलावलं. ती आली, या वेळी भाजीची पिशवी नव्हती, केस नीट बांधलेले. तीन वेळा गायली. सूर बरोबर, ताल बरोबर, मागे राहायचं तिथे मागेही राहिली. पण आता तिला माहीत होतं की सगळे ऐकताहेत, आणि आपण काय गायलो होतो ते सगळ्यांना आठवतंय. तिसऱ्या वेळी तिनं स्वतःच हेडफोन काढले. "छोट्या, तूच गा बाबा," ती म्हणाली. "मला नाही येत आता ते." रजेचा अर्ज तिनं फाडला नाही की काही नाही. त्याच्या पाठीमागे वाण्याची यादी लिहिली.

गाणं शेवटी मेहुण्यानं गायलं. वाईट नाही गायला. ताईचं तीनदा ऐकून त्याला मागे राहणं थोडंफार जमलं. अल्बम लोकांना आवडला, रॉकवाल्यानं सोल केलं म्हणून लिहूनही आलं. कव्हरच्या आतल्या बाजूला आभारांच्या यादीत, स्टुडिओचं वायरिंग करणाऱ्याच्या खाली एक ओळ आहे. 'आणि ताई'. तिनं ती वाचली आणि कव्हर कपाटात ठेवून दिलं.

सहा वर्षांनी तिच्या गळ्याशी गाठ आली. तिच्याच इस्पितळात ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आमचा जीव भांड्यात पडला, पण आवाजाची एक नस दुखावली ती कायमची. तेव्हापासून ती घोगरं बोलते, वाक्य लांबलं तर दम लागतो. बोर्डवर फोन करणाऱ्यांना ऐकू येईना. तिला जुन्या केसपेपरांच्या खोलीत बदली दिली, तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. ऑपरेशननंतरच्या काही महिन्यांत मला सारखं वाटायचं, की कुठल्यातरी टेपवर, कुठल्यातरी पट्ट्यावर तिचा आवाज असायला हवा होता. हजारो लोकांचे आवाज मी सांभाळून ठेवले आहेत. त्यात माझ्या घरचा एकही नाही. मुलीचे वाढदिवससुद्धा मी कधी रेकॉर्ड केले नाहीत. घरी मशीन नको, असं म्हणायचो.

मेहुणा आता मोठा माणूस झाला आहे. टीव्हीवर मुलाखती देतो. त्याची एक हुकमी गोष्ट आहे, ती सांगितली की लोक हमखास हसतात. "त्या अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं माझ्या ताईनं गायलं होतं, आणि माझ्या भाऊजींनी ते चुकून पुसलं! बायकोला गप्प करायची अशी संधी कोण सोडेल?" पहिल्यांदा ते लागलं तेव्हा आम्ही दोघं टीव्हीसमोर होतो. ही उठून गॅस बघायला गेली. मी हसलो. खोलीत कोणीच नव्हतं, तरी हसलो.

परवा दुपारी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. अल्बमला पंचवीस वर्षं होताहेत, तो नव्यानं काढायचाय. मेहुणा मुलाखतीत सांगतो तो ताईंचा आवाज एखाद्या जादा टेपवर, कॅसेटवर, कुठे उरलाय का, हे तिला विचारायचं होतं. फोन हिनंच घेतला होता. पलीकडून ती मुलगी म्हणाली, "काका, मॅडम आहेत का घरी? त्यांच्याशी बोलता येईल?" फोनचा आवाज मोठा असतो, मला समोर बसून ऐकू आलं. हिनं फोन माझ्या हातात दिला.

"काही उरलेलं नाही," मी त्या मुलीला सांगितलं आणि फोन ठेवला.

ही टेबलाशी बसून मटार सोलत होती. मी समोर बसलो. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"एक सांगायचंय," मी म्हणालो. "त्या दिवशी मला खंजिरी पुसायला सांगितलं होतं. मी तुझा आवाज पुसला. कागदाचं मी खोटं सांगितलं. एका कडव्यानंतर मला थांबवलंही होतं."

तिचे हात चालूच होते. "ट्रम्पेटवाल्यानं," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"त्याची बायको त्याच वर्षी बाळंतपणाला आमच्याकडे होती. तो माझ्या खोलीत चौकशीला आला. आवाजावरून ओळखलं त्यानं." ती दम घ्यायला थांबली. "त्याला वाटलं मला ठाऊक आहे. तो आपला हळहळत होता."

चोवीस वर्षं झाली होती त्याला. तिसऱ्यांदा गाऊन हेडफोन काढले त्यानंतरच्या काही महिन्यांतली गोष्ट. म्हणजे चोवीस वर्षं तिला माहीत होतं, आणि चोवीस वर्षं तिनं मला रोज सकाळी चहा झालाय म्हणून हाक मारली होती, त्यातली बरीचशी या घोगऱ्या आवाजात.

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंत?"

मी विचार केला. निदान त्या दिवशी तरी खोटं बोलायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"तेच ना. आणि माझ्या तोंडावर दुसऱ्यांदा खोटं बोलला असतात, तर मला या घरात राहता आलं नसतं." पुन्हा दम. "पोरगी सात वर्षांची होती. म्हणून नाही विचारलं."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ओरडायला तिला आता येत नाही. ती हात झटकून उठली आणि आत जाऊन पडली. उरलेले मटार मी सोलले.